गुरुवारची शांतता

लग्न झाल्यापासून आमच्या घरात दोघांची सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. ह्यांची गुरुवारी, माझी रविवारी. ह्यांचा कारखाना चिंचवडच्या बाजूला, आणि त्या सगळ्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. माझं ऑफिस सरकारी वळणाचं, तिथे आपला नेहमीचा रविवार. त्यामुळे गुरुवारी सकाळी हे पिशव्या घेऊन मंडईत जायचे, निवडून निवडून भाजी आणायचे, आणि रविवारी मी फ्रीज उघडून सुकलेल्या मेथीची जुडी हातात धरून ओरडायची, "अहो, एवढी मेथी कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच. तू नव्हतीस."

मग मी ती सुकलेली मेथी निवडायला बसायची.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ही बोलते तेव्हा शेजारच्यांना रेडिओ लावावा लागत नाही. आणि गंमत बघा, अशा बाईने आयुष्यभर काम केलं ते शांतता शोधायचं.

मी एका मोठ्या दुर्बिणीवर इंजिनिअर होते. दुर्बीण म्हटलं की लोक एक डोळा मिटून दाखवतात. आमच्या दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने दोनेक तास गेलं की कांद्याच्या आणि द्राक्षांच्या रानांमधून जाळीच्या भल्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतात. तबकड्या तिकडे, ऑफिस पुण्यात, आणि आम्ही जीपने मधल्या रस्त्यावर. तबकडीच्या तोंडाशी रिसीव्हर बसवतात. तो तिचा कान समजा. कोणता सूर ऐकायचा, वरचा की खालचा, ते त्या कानावर ठरतं. हे कान तयार करायचं काम माझं.

ज्या वर्षांबद्दल लिहितेय तेव्हा दुर्बीण काही म्हातारी झाली नव्हती. पण जगात नव्या दुर्बिणींच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, आणि आपण मागे पडायचं नसेल तर पुढच्या पंधरा वर्षांचा विचार आत्ता करायला हवा, असं आमच्या सरांनी एका सकाळी जाहीर केलं. सर म्हणजे आमचे संचालक. तेव्हापासून आमच्याकडे वर्तमानकाळ असा उरलाच नाही. चहाच्या वेळी भविष्य, डबा खाताना भविष्य. कुठले कान काढायचे, कुठले नवे बसवायचे. तबकडीच्या तोंडाशी जागा मोजकी. बाकीच्या जागांचं सगळ्यांचं एकमत झालं, शेवटच्या एका जागेवर मात्र घोडं अडलं. तिथे एकतर वरच्या सुरांचा नवा रिसीव्हर बसणार, नाहीतर खालच्या सुरांचा. खालचा माझा होता.

खालच्या सुराचं मला का एवढं वेड, ते सांगायला हवं. विश्वात पहिले तारे पेटायच्या आधी फार मोठा काळ नुसता अंधार होता. त्या अंधारात हायड्रोजन पसरलेला होता, दुसरं फारसं काही नाही. आणि तो हायड्रोजन एकाच सुरात, अगदी हलकं, गुणगुणत होता. मग कुठेतरी पहिला तारा पेटला, मग दुसरा, आणि जिथे तारे पेटले तिथली गुणगुण बंद पडत गेली. ती जुनी गुणगुण अजून प्रवासात आहे. येता येता ताणली जाऊन फार खालच्या सुरात उतरली आहे, आणि रोज आपल्या डोक्यावरून, आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून जाते आहे. तोवर ती कुणीही ऐकली नव्हती.

मला ती ऐकायची होती. बस. भांडी विसळताना नळ बंद केला की मी क्षणभर तशीच उभी राहायची. स्वारगेटच्या सिग्नलला स्कूटर थांबली की चारी बाजूंनी हॉर्न, एस.टी.चे ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि मी मात्र त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी कान लावून. मागचा माणूस म्हणायचा, "ओ ताई, सिग्नल हिरवा झालाय, स्वप्नं घरी जाऊन बघा." बरोबरच होतं त्याचं. मी घरी जाऊनही तेच करायची. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून पर्वतीच्या मागे उतरणारा उजेड बघायची आणि मनात म्हणायची, एकेक दिवा लागतोय, आता गुणगुण थांबेल.

पण नुसत्या स्वप्नांवर रिसीव्हर मिळत नसतो. ह्या निवडीसाठी सरांनी समिती नेमली होती, तिला दाखवायला हवं होतं की खालच्या सुरात आपल्याकडे पुरेशी शांतता आहे. कारण ती गुणगुण इतकी क्षीण, की शेजारच्या रानातल्या पाण्याच्या मोटरची ठिणगीसुद्धा तिच्यापुढे बँडबाजा. तेव्हा आधी शांतता मोजायची. माझ्याबरोबर एक तरुण सहकारी होता, नुकती पीएच.डी. संपवलेला, हुशार, आणि माझ्याहून दुप्पट वेडा. आम्ही दोघं जीपने तिकडे जायचो. गुरुवारी जायचो, कारण गुरुवार हा आमच्या दुर्बिणीचा मेंटेनन्सचा वार. त्या दिवशी तबकड्या रिकाम्या असतात, कुणाचं निरीक्षण चालू नसतं, हव्या तशा वापरायला मिळतात. हा वार कुणी ठरवला, केव्हा ठरवला, काही माहीत नव्हतं. आम्ही आलो तेव्हापासून तसंच होतं.

आणि काय शांतता मिळाली म्हणता! स्क्रीनवर खालच्या सुरांच्या पट्ट्यातली रेघ अशी सरळ, की तिच्याकडे बघून माझा आवाज आपोआप खाली यायचा. गुरुवारमागून गुरुवार तीच रेघ. माझा सहकारी खुर्चीत गिरकी घ्यायचा. "मॅडम, सिरियसली, एवढा क्लीन बँड वाळवंटातसुद्धा मिळणार नाही. आपण जिंकलो."

"तोंड बंद ठेव," मी म्हणायची. पण मलाही तसंच वाटायचं.

वरच्या सुरांची बाजू एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांकडे होती. मी त्यांना मनात 'वरचे गृहस्थ' म्हणायची. कायम इस्त्रीचा शर्ट, कायम हळू बोलणं. व्हरांड्यात भेटले की म्हणायचे, "काय बाई, आपली शांतता सुखरूप आहे ना?" आमच्या आलेखांकडे चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "फार सुंदर आहे. संशय यावा इतकं सुंदर आहे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस नुसता जळतो, असं मी घरी येऊन ह्यांना सांगायची.

ह्यांना त्या पट्ट्याशी घेणंदेणं नव्हतं. ह्यांची मागणी एकच होती. एक गुरुवार रजा काढ, आपण खडकवासल्याला जाऊ. रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते, सगळं पुणं कणसं खात उभं असतं. गुरुवारी म्हणे नुसतं पाणी असतं. लग्नानंतर पहिल्या वर्षीच ठरलं होतं ते. आता मुलगी हॉस्टेलला गेली तरी आमचं खडकवासला होतंच आहे.

समितीची शेवटची बैठक जवळ आली. मोजमापं पुरी झाली होती, आलेख तयार होते. मी म्हटलं, चला, एक गुरुवार ह्यांच्या नावाने. रजा टाकली. आणि नेमकी त्या सकाळी मला कणकण आली. खडकवासला पुन्हा राहिलं. हे बिचारे माझ्या उशाशी खुर्ची घेऊन बसले, वर्तमानपत्राने मला वारा घालायला लागले, कारण गुरुवार असल्यामुळे लाईट नव्हती. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तारा दुरुस्त करायच्या असतात, कारखाने बंदच असतात, म्हणून तो वार. सकाळी गेली की संध्याकाळी येते. कितीतरी वर्षांत गुरुवारी मी घरात नव्हते, म्हणून मला ते नवं वाटलं. फ्रीज गप्प. वरच्या मजल्यावरचा मिक्सर गप्प. सगळी सोसायटी दुपारी पाय पसरून पडलेली.

ह्यांनी सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला होता. कुठेतरी कसोटी सामना चालू होता. कॉमेंट्री इतकी स्वच्छ येत होती की मैदानावरचे कावळे ऐकू यावेत. मी तापात डोळे मिटून पडले होते आणि मला बरं वाटत होतं. असं वाटत होतं की आपण असेच पडून राहावं, हे असेच वारा घालत राहावेत, आणि कुणीतरी लांबून हळू बोलत राहावं.

संध्याकाळी एकदम घर घुरघुरलं. फ्रीज हादरला, पंखा फिरला, वरचा मिक्सर किंचाळला, आणि साऱ्या सोसायटीतून एकच आरोळी उठली, "आली!" पोरं ओरडली, म्हाताऱ्या ओरडल्या, हेही ओरडले. आणि त्याच क्षणी ट्रान्झिस्टरवर अशी खरखर सुरू झाली की कॉमेंट्री पार बुडाली.

"घ्या! आता विकेट पडली की काय कळायचं कसं?" हे ट्रान्झिस्टर खिडकीत नेऊन हलवायला लागले.

मी उठून बसले. ताप होता की उतरला, आठवत नाही.  मी म्हटलं, "अहो, खेड्यांतली लाईट कधी जाते?"

"कुठल्या खेड्यांतली?"

"आमच्या तिकडच्या."

"तिकडे आनंदच आहे. पण गुरुवारी तर सगळीकडेच जाते. का गं?"

 मला त्या क्षणी सगळं समोर दिसत होतं. दुर्बीण नवीन होती तेव्हा गुरुवारी वीज नसायची, म्हणून कुणीतरी शहाण्या माणसाने गुरुवार मेंटेनन्सला दिला. नंतर आमच्यासाठी स्वतंत्र लाइन आली, जनरेटर आले. आमच्याकडे गुरुवारीही एसी चालू, कॉम्प्युटर चालू. कारण विसरलं, वार राहिला. आणि आम्ही, शिकलेसवरलेले लोक, दर गुरुवारी तिकडे जाऊन, भर उन्हात, गावांत दिवे नाहीत हे कळायलाच मार्ग नाही अशा वेळी, शांतता मोजत बसलो. ती शांतता आमच्या जागेची नव्हतीच. आजूबाजूच्या गावांत लाईट नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तरुण सहकाऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. पुढच्या बुधवारी आम्ही एक तबकडी हातापाया पडून मागून घेतली. रेघ कसली, नुसतं कुंपण! काटेच काटे. सैल तारांवरच्या ठिणग्या, विहिरींवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या. वरच्या सुरांत हा गोंगाट फारसा पोचत नाही, खाली मात्र सगळा साचतो. मी स्क्रीनसमोरून उठले आणि कंपाउंडच्या बाहेर चालत गेले. मला रडायचं होतं आणि आत एसीत रडता येत नव्हतं.

बाहेर एक बाई कांद्याला पाणी देत होती. पाटाचं पाणी वळवत, पदर खोचून, घाईघाईने. मी बांधावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा बाई. मला थांबाया येत न्हाय. उद्या लाईट न्हाय, गुरुवार हाय. आजच उरकाया पायजे."

मी विचारलं, गुरुवारी काय करता?

"काय करणार? म्हशीला, पोरांना, घरात, समदं पाणी शेंदून काढायचं. हात सोलून निघत्यात." तिने तळवे दाखवले नाहीत, ती पाणी वळवत राहिली. "पर आता लाइटीचा डीपी नवा बसवलाय. पुढल्या सालापासनं गुरुवारची बी मिळणार म्हणत्यात. मिळू दे बाई. लई झालं."

मी तिला "मिळेल मिळेल" म्हटलं. आणि म्हणता म्हणता मनात पटकन येऊन गेलं, नको. पुढल्या साली नको. खरंच आलं असं मनात. मी बांधावरून उठले तेव्हा मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

बैठकीच्या दिवशी मी आलेख शेजारी शेजारी लावले, गुरुवारचा आणि बुधवारचा, आणि काय झालं ते सरळ सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनीच तो वार वर्षानुवर्षं पाळला होता, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सर पेन्सिल फिरवत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "अहो पण गुरुवार खोटा कुठे आहे? गुरुवारी शांतता आहे ती आहेच. मेंटेनन्स आपण बुधवारी नेऊ. दर गुरुवारी दुर्बीण तुमच्या खालच्या पट्ट्याला देऊ. पंधरा वर्षांचे गुरुवार म्हणजे काही कमी नाहीत. काय?"

माना हलल्या. माझ्या सहकाऱ्याने टेबलाखाली मूठ वळली, मला दिसली. वरचे गृहस्थसुद्धा आडवे आले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. माझं स्वप्न ताटात वाढून समोर ठेवलेलं होतं. हो म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि मला पंधरा वर्षांचे गुरुवार दिसले. आम्ही पुढचा काळ आखत होतो ना? मग त्या पुढच्या काळात त्या बाईकडे गुरुवारी अंधारच असणार, असं लिहून द्यायचं? नुसतं लिहून नाही द्यायचं, तर दर वर्षी मनातून तशी इच्छा धरायची, डीपी जळला की खूश व्हायचं. मी आधीच एकदा तशी इच्छा धरून बसले होते. मला ते चालेना. कळत नव्हतं कसं बोलावं, आणि मी तर कधी हळू बोललेली नाही.

मी म्हटलं, "सर, नको. तिकडे गुरुवारची लाईट येणार आहे. आज ना उद्या येणार. आली पाहिजे. ती येणार नाही ह्या भरवशावर आपण कान बसवायचा नाही. माझा पट्टा मी मागे घेते."

माझा सहकारी म्हणाला, "मॅडम, प्लीज," आणि थांबला. सरांनी चष्मा काढून पुसला. कुणीतरी विचारलं, मग ती गुणगुण? मी म्हटलं, कुठेतरी वाळवंटात, जिथे माणूसच नाही, तिथे कुणीतरी ऐकेल. ऐकू दे. आवाज माझा फुटला ते सगळ्यांनी ऐकलं.

खाली स्कूटरपाशी वरचे गृहस्थ उभे होते. म्हणाले, "बाई, आपल्या विरोधात बोलायची मी आठवडाभर तयारी केली होती. आपण ती सगळी फुकट घालवलीत." मग किल्ली खिशात चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला असं जिंकायला आवडलेलं नाही." एवढ्या वर्षांत त्यांच्याविषयी मला पहिल्यांदाच माया वाटली.

घरी येऊन मी मेथी निवडायला घेतली आणि ढसाढसा रडले. हे शेजारी बसले, जुडी ओढून घेतली, आणि पानं सोडून देठ गोळा करायला लागले. सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे ते आता तुला कधीच ऐकू येणार नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं नाही, पण बरं." मी रडता रडता हसले.

आराखडा मंजूर झाला, पण नवे कान बसायला वेळ लागायचा होता. आणि त्या बाईचं पुढलं साल म्हणजे सरकारी पुढलं साल. तेही लांबत गेलं. तबकड्यांवर एक जुना, अरुंद, खालच्या सुरांचा रिसीव्हर होता, आम्ही शांतता मोजली ती त्याच्यावरच. नव्याला जागा करायला तो एकेका तबकडीवरून उतरवायचं ठरलं. उतरवायच्या आधी एक गुरुवार सरांनी मला दिला. त्याने ती गुणगुण सापडणार नव्हती, तेवढी ताकदच नव्हती त्याची. पण निरोपाला जातात तसं मला जायचं होतं.

आदल्या दिवशी हे म्हणाले, "मी पण येतो."

"तुमचं खडकवासला?"

"पाणी कुठे पळून जात नाही. तुझं ते दाखव मला."

तर असा आमचा घराबाहेरचा पहिला एकत्र गुरुवार. जीपमध्ये हे माझ्याशेजारी, मांडीवर थालीपिठांचा डबा. फाटकावर मोबाइल काढून ठेवायला लावला, ट्रान्झिस्टरही. ह्यांनी तो मुलाला शाळेत सोडावं तसा वॉचमनच्या हातात दिला. तबकडीखाली उभे राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. म्हणाले, "वेल्डिंग चांगलं आहे."

कंट्रोल रूमला जाड लोखंडी दार आहे. आतल्या कॉम्प्युटरांचा रेडिओ-गोंगाट बाहेर तबकड्यांपर्यंत जाऊ नये म्हणून ते कायम बंद ठेवायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. ह्यांना आत गुदमरायला झालं. दोनदा दार उघडायला गेले, दोनदा मी खेकसले, "अहो, दार!" मग मुकाट येऊन बसले. मी स्क्रीन दाखवला. तीच रेघ, सरळ.

"हेच?"

"हेच."

"काहीच नाहीये त्यात."

"तेच तर."

 मग मी त्यांना सगळं सांगितलं. अंधार, हायड्रोजन, पहिले दिवे. इतकी वर्षं घरात नुसती आरडाओरड केली होती, हे सांगितलंच नव्हतं. सांगताना मला पुन्हा तसंच वाटायला लागलं, तापात पडले होते त्या दुपारसारखं. कुणीतरी फार लांबून हळू बोलतंय आणि आपण पडून ऐकतोय. ह्यांनी डबा उघडला नाही. माझा हात धरून बसले. माझा सहकारी कोपऱ्यात तोंड फिरवून काहीतरी करत असल्याचं दाखवत होता. दुपार अशी रेंगाळत राहिली, आणि रेघ सरळ राहिली. एवढी सुंदर रेघ मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मला माहीत होतं की त्या महिन्यापासून गुरुवारी दिवस मावळायच्या आधी लाईट सोडायला लागलेत. नवा डीपी चालू झाला होता. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात ह्यांना पुन्हा गुदमरायला झालं. ह्यांनी उठून दार थोडंसं उघडलं. मी "अहो" म्हणून वळले, आणि पाठीमागे सहकारी म्हणाला, "मॅडम."

रेघ आधी थरथरली. मग फुगली. मग काटे आले, एकावर एक, आणि बघता बघता सगळा पट्टा भरून गेला. त्याच्या मागोमाग, त्या फटीतून, भिंतीपलीकडच्या वस्तीवरून पोरांची आरोळी आली, "आली! आली रे!" आणि हे, दारात उभे, जन्मभराच्या सवयीने जोरात म्हणाले, "आली!"

मग त्यांना कळलं. जीभ चावून माझ्याकडे बघायला लागले. इतका अपराधी चेहरा मी त्यांचा कधी बघितला नाही.

रानात कुठेतरी मोटर सुरू झाली. धडधड ऐकू येत होती. ती कांद्याला पाणी देणाऱ्या त्या बाईचीच असेल असं मी धरून चालले. मी स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्याही तोंडून निघून गेलं, "आली." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

"आता काही ऐकू येणार नाही?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दार उघडं राहू दे?"

"राहू दे," मी म्हटलं.